लाल ठिपका राहून गेलेला नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या भारतीय हवाईदलाच्या विमानांवर लाल ठिपका नव्हता. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. आता ती नीट, कारणांसकट लिहून ठेवते, कारण तोंडी सांगितलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही आणि तीच माणसं पुढच्या गणपतीत येऊन तोच प्रश्न विचारतात.

सोमाटण्यात आमच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक हॉकर हरिकेन आहे. प्रमाण एकास बहात्तर, पंखांची लांबी जेमतेम सतरा सेंटिमीटर. वरून तपकिरी आणि गडद हिरव्या रंगाचे पट्टे. पंखांवर आणि दोन्ही कुशींवर गोल खूण: बाहेरचं वर्तुळ गडद निळं, आतलं फिकं निळं. कपाटासमोर उभा राहणारा माणूस आधी मान तिरकी करतो आणि मग म्हणतो, “मधला लाल राहिला वाटतं.” एका नातेवाईक बाईंनी तर पर्समधून नेलपॉलिश काढून दाखवलं. एक थेंब टाकला की झालं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या थेंबानं विमान चुकीचं झालं असतं, आणि युद्धात असा थेंब वैमानिकाच्या जिवावर बेतला असता.

ब्रिटिश विमानांची जुनी खूण निळी, पांढरी आणि मधोमध लाल होती, हे खरं. पण जपानी विमानांची खूण म्हणजे नुसता लाल सूर्य. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, लढाई भारताच्या सीमेकडे सरकली आणि एक साधी अडचण जीवघेणी ठरली. जमिनीवरच्या तोफचीला डोक्यावरून जाणारं विमान दोन-तीन सेकंदच दिसतं. तेवढ्यात त्याला लाल गोल दिसला तर तो तोफ डागतो. त्या लालभोवती निळं-पांढरं वर्तुळ आहे का, हे बघत बसत नाही. म्हणून या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला. शेपटीवरच्या उभ्या पट्टीतूनही लाल गेला. अमेरिकेनं मे १९४२ मध्ये आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणानं काढला. पुढे मधला पांढराही उन्हात लांबून चमकतो म्हणून त्यात निळा मिसळून तो फिका केला. तोच हा फिका निळा. तो मला अनेक छटा मिसळून मिळवावा लागला, कारण तयार बाटलीत तो मिळत नाही. मिळवल्यावर समोरून “रंग उडालाय का हो?” असंही ऐकावं लागतं.

मी निवडलेलं विमान १९४४ च्या इम्फाळचं आहे. तिथे क्रमांक एकच्या स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग होते, जे पुढे हवाईदलाचे मार्शल झाले. इम्फाळचा वेढा सुरू असताना त्यांच्या वैमानिकांनी हरिकेन घेऊन डोंगर-दऱ्यांतून, झाडांच्या शेंड्यांना लागून उड्डाणं केली. जपानी तुकड्या कुठे आहेत, वाटा कुठल्या, होड्या कुठे लपवल्यात, हे शोधून आणलं. अर्जन सिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, आणि तो लॉर्ड माउंटबॅटन यांनी स्वतः इम्फाळला येऊन त्यांच्या छातीवर लावला. अराकानच्या बाजूला मेहर सिंगांची क्रमांक सहाची स्क्वाड्रन हेच काम करत होती. तिला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. त्या युद्धात डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर (डीएसओ) मिळवणारे भारतीय हवाईदलाचे एकमेव अधिकारी म्हणजे मेहर सिंग. हरिकेन तोवर जुनं झालं होतं. जपानी हायाबुसा त्याच्यापेक्षा हलकं आणि चपळ होतं. अशा विमानात बसून, शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात, आपल्याच लोकांनी आपल्याला ओळखावं या भरवशावर उडणाऱ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलांची ती खूण आहे. तिच्यात ‘रंग राहिला’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, आणि वाटलेलं मी लपवत नाही.

याच्या जोडीचा दुसरा प्रश्न: “उडतं का?” उडत नाही, म्हटल्यावर विचारणाऱ्याचा रस तिथेच संपतो. मग “शोपीस आहे होय” किंवा “खेळणं आहे” असा निकाल लागतो. पण १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलानं शाळांतल्या मुलांकडून विमानांच्या पाच लाख छोट्या प्रतिकृती मागवल्या होत्या, याच एकास बहात्तर प्रमाणात. सैनिकांना आपलं आणि शत्रूचं विमान आकारावरून ओळखायला शिकवण्यासाठी त्या हव्या होत्या. हे प्रमाणही हिशेबातून आलेलं आहे. सहा फूट म्हणजे एक इंच, म्हणजे उभा माणूस एका इंचात मावतो. न उडणारी ती विमानं नीट केली नसती तर चुकीचं विमान पाडलं गेलं असतं. म्हणून मी मोजमापाचा आग्रह धरते. खूण दोन मिलिमीटर सरकली तर खऱ्या विमानावर ती जवळपास साडेचौदा सेंटिमीटर सरकल्यासारखं होतं. रंगाचा थर अर्धा मिलिमीटर झाला तर पत्र्यावर छत्तीस मिलिमीटरचा लेप बसला असा त्याचा अर्थ. हे घरात सांगितलं की “एवढं कोण बघतंय” असं उत्तर येतं. मी बघते. आणि बघणारं कुणीतरी असेल या विचारानंच ज्यानं साचा कोरला त्यानं पंखावरची रेघ केसाइतकी बारीक ठेवली आहे.

तिसरी तक्रार जरा वेगळी आहे. विमान आवडलं तर कौतुक माझ्या नवऱ्याचं होतं. “दादा, किती दिवस लागले हो?” ते बिचारे दर वेळी सांगतात, “मला नाही, हिला विचारा.” त्यावर लोक हसतात, त्यांना ती नम्रता वाटते, आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यांनाच विचारला जातो: इंजिन कुठलं? मर्लिन, असं उत्तर मी स्वयंपाकघराच्या दारातून देते. हरिकेनच्या बाबतीत तर विमान पुरुषानंच केलं असणार असं गृहीत धरायला काहीच आधार नाही. कॅनडात फोर्ट विल्यम इथल्या कारखान्यात चौदाशेहून अधिक हरिकेन बांधली गेली, आणि त्या कामाच्या मुख्य अभियंता एल्सी मॅकगिल होत्या. पोलिओमुळे त्यांना काठीशिवाय चालता येत नसे. १९४२ मध्ये त्यांच्यावर चित्रकथा निघाली, ‘हरिकेनची राणी’ या अर्थाच्या नावानं. कारखान्यात खऱ्या विमानांना रिव्हेट मारणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. तेव्हा सतरा सेंटिमीटरचं विमान बाईनं जोडलं, हे मानायला अवघड जाऊ नये.

आता किटबद्दल. हरिकेनची किट मिळतात, चांगली मिळतात. चौदा हजारांहून जास्त बांधलेलं आणि सिडनी कॅम यांच्या हातचं हे विमान. त्याला मागणी आहेच. पण पेटी उघडली की आतल्या खुणा बहुतेक वेळा १९४० च्या इंग्लंडच्या. लंडनवरच्या लढाईचे तेच ते वैमानिक, तीच ती अक्षरं, आणि अर्थात तो लाल ठिपका. इम्फाळसाठी डिकलचा, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायच्या खुणांचा, कागद वेगळा मागवावा लागतो, आणि त्याची किंमत कधी कधी किटच्या जवळ जाते. वाळवंटी धुळीसाठीची गाळणी नाकाखाली बसवायची असते. पूर्वेकडच्या हरिकेनवर ती सर्रास असे. तो भाग किटमध्ये असला तर असतो, नसला तर प्लास्टिक कापून घडवावा लागतो. शिवाय सूचनापत्रात कधी कधी पंखांवर आणि शेपटीवर पांढरे रुंद पट्टे दाखवलेले असतात, पूर्वेकडचं विमान म्हणून. ते पट्टे युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, १९४५ च्या सुमारास आले. १९४४ च्या वेढ्यातल्या विमानावर ते लावणं म्हणजे लग्नाआधी मंगळसूत्र घालणं. ज्यांनी पेटीवर ‘अचूक’ असं छापलं, त्यांनी तारीख तरी बघायला हवी होती.

पेटी इथवर पोचणं हा वेगळाच विषय. रंग आणि थिनर ज्वालाग्राही, ते विमानानं येत नाहीत. विमानाचा रंग ट्रकनं येतो. येईना का. पण सोमाटणे फाटा आणि सोमाटणे गाव या दोन जागा आहेत, हे कुरिअरच्या संगणकाला मान्य नाही. मुलगा फाट्यावर उभा राहून फोन करतो, “मॅडम, लोकेशन इथंच दाखवतंय, तुम्ही या ना.” मी गाव म्हणते, तो फाटा म्हणतो. शेवटी पार्सल एखाद्या टपरीवर ठेवलं जातं आणि ‘ग्राहकाला दिले’ असा मेसेज येतो. टपरीवाले काका पार्सल सांभाळतात, त्यांचे उपकार आहेत. मात्र त्यावर चहाची किटली ठेवू नये, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे, कारण उष्णता लागल्यावर डिकलचा कागद वाकतो आणि खूण पाण्यात सोडताच तिच्या चिरफळ्या होतात.

उरलेलं सामान तळेगावात मिळायला हवं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला की ऐंशी नंबरचा समोर येतो. एक हजारचा वॉटर पेपर आहे का, असं विचारलं की दुकानदार विचारतो, “गाडीचं काम आहे का?” प्लास्टिकचं विमान आहे म्हटलं की तो आतल्या माणसाकडे बघतो. थिनर म्हणून एनसी थिनरची बाटली पुढे करतात. तो गाडीच्या पत्र्याला चालतो. पॉलिस्टायरीनला लागला तर पंखावरच्या कोरीव रेघा विरघळून सपाट होतात. प्लास्टिकला चालेल असा द्या, म्हटलं तर उत्तर ठरलेलं: “सगळ्याला हाच चालतो.” सगळ्याला तो चालत नाही. हे विकणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, किमान माहीत नाही असं त्यानं म्हटलं पाहिजे.

हे सगळं जमवून काम सुरू करावं तर हवा. लोणावळ्याइतका पाऊस आमच्याकडे पडत नाही, पण जूनपासून हवा तीच. चौराईच्या डोंगरावर ढग बसले की घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. अशा हवेत लॅकर मारलं की त्यातलं द्रावक झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पारदर्शक थर दुधाळ होतो. दोन महिने मेहनत केलेला हिरवा रंग बुरशी आल्यासारखा दिसायला लागतो. इनॅमल वापरावं तर ते वाळत नाही. बोट लावून पाहिलं की ठसा. आणि बोट लावून पाहणारी माणसं घरात असतातच. “वाळलं का बघत होतो,” असं ते म्हणतात. वाळलं आहे का, हे बोट न लावताही विचारता येतं.

खिडकी उघडी ठेवली नाही तर थिनरचा वास डोक्यात जातो. उघडी ठेवली तर एका बाजूनं जुना मुंबई-पुणे महामार्ग, पलीकडून द्रुतगती मार्ग. नाक्यापाशी ब्रेक दाबणाऱ्या ट्रकांची धूळ उन्हाळाभर येत राहते आणि ओल्या रंगावरच येऊन बसते. कोरड्या कपाटावर बसली तर फडक्यानं पुसता येईल. पहिला पाऊस पडला की धूळ थांबते आणि दिव्याभोवती पंखांची वाळवी घोंगावते. त्यातली एक जरी ओल्या पंखावर उतरली तरी तिचे सुटे पंख तिथे चिकटून राहतात. चिमट्यानं काढले तर त्यांची जाळी रंगात उमटते. पुन्हा घासा, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. एअरब्रशचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, आणि वीज कधी जावी याचा नियम मला सापडला आहे: तपकिरीचा थर संपून हिरव्याच्या कडा मऊ फवारायला घेतल्या की जाते. कडा मऊ हव्यात की कडक, यावर जाणकारांत वाद आहेत. अर्धी मऊ आणि अर्धी कडक मात्र कुणीच मान्य करत नाही.

म्हणून माझ्या मते मावळात रंगकामाचे खरे महिने दोनच, दिवाळीनंतरचे. नेमक्या त्याच काळात लग्नं असतात.

घरातल्या माणसांविषयी थोडक्यात सांगते. माझा टोकदार चिमटा काटा काढायला नेला जातो आणि टोक वाकवून परत येतो. मास्किंग टेप मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहायला वापरतात. ती टेप कडा सरळ येण्यासाठी आहे, साधी कागदी टेप चिकटपणानं खालचा रंग उचलते, हे मी प्रत्येकाला समजावलं आहे. सगळ्यात बारीक ब्रश रांगोळीच्या पाटावर ठिपके द्यायला गेला. दसऱ्याच्या सफाईत कपाट उघडून विमानावर झटकणी फिरवली गेली आणि पाठीवरचा अँटेनाचा खांब तुटला. तो खांब सात-आठ मिलिमीटरचा. “एवढंसं तर होतं,” असं म्हणाले. एवढंसं होतं म्हणूनच ते पुन्हा करणं अवघड आहे. विमानाचा मागचा भाग कापडाचा असे, खालच्या पट्ट्या कापडातून उमटून दिसत, आणि किटवाल्यांनी ते उमटणं इतकं नाजूक केलं आहे की झटकणीच्या पिसांत ते अडकत नाही; अडकतो तो खांब. कपाटाला कुलूप लावलं तर पाहुण्यांना वाईट वाटतं, म्हणून कुलूप नाही.

सुखोई का करत नाही, असंही विचारतात. लोहगावहून उडालेली सुखोई आमच्या डोक्यावरून जातात, आवाज ऐकून मुलं गच्चीत पळतात. त्यांना ती आवडणारच. मला इम्फाळचं हरिकेन करायचं आहे, कारण त्याला ओळखणारं इथे कुणी उरलेलं नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात एक हरिकेन कित्येक वर्षं उभं होतं. विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिकवण्यासाठी ते १९४७ च्या सुमारास तिथे आलं, मग बाहेर उघड्यावर गंजत राहिलं. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर नावाच्या इंग्रज गृहस्थांना ते दिसलं. त्यांनी क्रमांक तपासला: आर ४११८. ब्रिटनच्या १९४० च्या लढाईत प्रत्यक्ष लढलेलं विमान. अनेक वर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये त्यांनी ते इंग्लंडला नेलं, दुरुस्त केलं आणि २००४ मध्ये ते पुन्हा उडालं. ते गेलं याचं मला दुःख नाही. तिथे ते उडतंय, इथे ते सडत होतं. दुःख याचं आहे की इतकी वर्षं शेकडो मुलं-माणसं त्याच्या शेजारून गेली आणि त्याच्यावरचा क्रमांक कुणी वाचला नाही. आता आपल्याकडे हरिकेन बघायचं तर दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात जावं लागतं. तिथेही माणसं आधी मिगपाशी गर्दी करतात.

पुढचं विमान मी नॅट ठरवलं आहे. १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढलेलं, बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बांधलेलं; फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर याच विमानात वीरमरण आलं आणि परमवीर चक्र मिळालेले ते हवाईदलातले एकमेव वैमानिक आहेत. किट शोधायला घेतलं तर समोर येतं ते बहुतेक दोन जागांचं प्रशिक्षण विमान, भडक लाल रंगातलं, इंग्लंडच्या कसरतपथकाचं. ब्रिटिश हवाईदलानं एका जागेचं नॅट आपल्या लढाऊ स्क्वाड्रनांसाठी घेतलंच नव्हतं, ते आपण घेतलं आणि आपण लढवलं. तरी बाजारात दोन जागांचंच जास्त. पाठ कापून एका जागेचं करता येईल असा सल्ला एकानं दिला. करता येणार नाही. दोन्हींचे पंख वेगळे, शेपटी वेगळी, लांबीही वेगळी. एका जागेचं किट मी मागवलं आहे. १९६५ ची नॅट उघड्या चांदीसारख्या धातूच्या रंगात होती, त्या रंगाखाली केसाएवढा ओरखडाही लपत नाही, म्हणून ते काम डिसेंबरात, खिडक्या बंद करून आणि घरात कुणाचंही लग्न नसताना करायचं आहे. नातेवाइकांनी तारखा आत्ताच कळवाव्यात.